दाणे जातील, लेकराचे मन जपा

मुलाला आंघोळ घालताना काखेत, मानेवर किंवा पोटाच्या कडेला मोत्यासारखे दोन-चार बारीक दाणे हाताला लागतात. ताप नसतो, दुखत नसते. आठवडाभरात जातील असे वाटते, पण महिन्याने ते दहा होतात आणि दोन महिन्यांनी वीस. मग घरात चर्चा सुरू होते. दादी म्हणते नजर लागली, खाला म्हणते रक्त खराब झाले, शेजारीण म्हणते कांजिण्या अंगात राहिल्या. मेडिकल दुकानदार न विचारताच एक मलम पुढे करतो. आणि ज्याच्या अंगावर हे दाणे असतात, ते लेकरू सगळ्यांच्या बोलण्यातून एवढेच समजते की आपल्यात काहीतरी वाईट आहे.

शाळेत शिकवताना दर एक-दोन वर्षांनी असे एखादे मूल आमच्या वर्गात असतेच. या आजाराला 'मोलस्कम' म्हणतात. तो जीवघेणा नाही, पण चिवट आहे. त्याच्याबरोबर वर्ष-दीड वर्ष काढावे लागते. हे दिवस कसे काढायचे याविषयी घरात आणि शाळेत नीट बोलणे व्हावे, म्हणून हा लेख.

आजार ओळखू या

नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेले महान वैद्य अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे एका स्वतंत्र ग्रंथात मांडले. सारखी दिसणारी दोन पुरळे वेगळी ओळखली गेली, तेव्हाच त्यांचा विचार नीट होऊ लागला. आपल्याही घरात पहिले काम हेच आहे: दाण्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे.

मोलस्कमचा दाणा गोल, गुळगुळीत, कातडीच्याच रंगाचा किंवा किंचित गुलाबी असतो. आकार साधारण दोन ते पाच मिलिमीटर, म्हणजे मोहरीपासून लहान मुगापर्यंत. नीट पाहिल्यास त्याच्या मधोमध बेंबीसारखा बारीक खळगा दिसतो. हीच त्याची मुख्य खूण. कांजिण्यांत ताप येतो, पाण्याचे फोड भराभर उठतात आणि आठ-दहा दिवसांत खपली धरते. इथे तसे होत नाही. खरजेत रात्री घरभर सगळे खाजवतात आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असते. चामखीळ खरखरीत असते. हा दाणा मेणासारखा गुळगुळीत असतो. तरीही नक्की काय ते डॉक्टरांनी एकदा पाहून सांगितलेले बरे. बहुतेक वेळा ते नुसत्या नजरेने ओळखतात, रक्त तपासावे लागत नाही.

या आजाराचे वर्णन थॉमस बेटमन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली केले. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे. हे ऐकून घाबरू नये. देवी १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तिचा हा दूरचा भाऊबंद मात्र अगदी सौम्य स्वभावाचा आहे. तो फक्त माणसाला होतो. कोंबडी, बकरी, मांजर यांच्यापासून येत नाही आणि त्यांना होतही नाही.

इतके महिने का लागतात?

आयांचा सर्वांत मोठा प्रश्न हाच असतो. याचे उत्तर विषाणूच्या राहण्याच्या जागेत आहे. तो कातडीच्या अगदी वरच्या थरातच राहतो. खाली उतरत नाही, रक्तात जात नाही. शिवाय शरीराच्या संरक्षण यंत्रणेपासून लपून राहण्याची कला त्याला अवगत आहे. त्यामुळे शरीराला कित्येक महिने पत्ताच लागत नाही की पाहुणा घरात शिरला आहे. एकदा पत्ता लागला की मात्र शरीर स्वतःच त्याला बाहेर काढते. बहुतेक मुलांत सहा महिने ते दीड वर्ष लागते. काहींना दोन वर्षे किंवा त्याहून थोडे अधिक.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 'रक्त खराब झाले' ही समजूत येथे लागू पडत नाही. विषाणू रक्तात नसतोच, तर रक्त साफ करणारे मुसफ्फी सिरप त्याचे काय करणार? दुसरी, याचा खाण्याशी संबंध नाही. 'गरम पडते' म्हणून वाढत्या मुलाचे अंडे, मासे, मटण, वांगे बंद करणे म्हणजे दाण्यांना हात न लावता मुलाला अशक्त करणे होय.

आणखी एक गोष्ट जाणून घेतली तर पुष्कळ रडारड वाचेल. महिनोन्‌महिने शांत असलेले दाणे एक दिवस अचानक लाल होतात, सुजतात, त्यांवर खपली येते. आई घाबरते की आजार वाढला. पुष्कळदा याचा अर्थ उलटा असतो. शरीराने विषाणू ओळखला आहे आणि दाणे जायच्या बेतात आहेत. मात्र लाली भराभर पसरत असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल, पू येत असेल, मूल दुखते म्हणून रडत असेल किंवा ताप असेल, तर ते जंतूंचे संक्रमण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उपचार घ्यावा की वाट पाहावी?

निरोगी मुलाला थोडेच दाणे असतील आणि त्रास नसेल, तर वाट पाहणे हाही एक मान्य उपचार आहे. 'डॉक्टरांनी काहीच दिले नाही, फी मात्र घेतली' अशी तक्रार आम्ही पालकसभेत ऐकतो. पण दाणा ओळखून, धोका नाही हे पाहून 'थांबा' म्हणणारा डॉक्टर पुष्कळदा योग्यच सांगत असतो. या आजारावरच्या अनेक उपचारांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कोणताही एक उपचार ठामपणे प्रभावी असल्याचे दिसलेले नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

दाणे खूप असतील, खाज किंवा रक्त येत असेल, किंवा मूल मनाने खचले असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे मार्ग आहेत. बधिर करणारे मलम लावून दाण्यातील पांढरा गाभा काढतात, अतिथंड वायूने दाणा गोठवतात, किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण टोकावर लावायला देतात. एका प्रकारच्या भुंग्यापासून मिळणारे कँथॅरिडिन हे औषधही डॉक्टर स्वतः लावतात. अमेरिकेत या आजारासाठी म्हणून खास मंजूर झालेले ते पहिले औषध. ती मंजुरी मिळाली २०२३ साली. १८१७ पासून माहीत असलेल्या आजारावर पहिले खास औषध मंजूर व्हायला दोनशे वर्षे लागली, यावरून तो किती चिवट आणि तरीही किती निरुपद्रवी आहे, हे लक्षात यावे. चार वर्षांच्या मुलाला घट्ट धरून पन्नास दाणे काढण्यापेक्षा सहा महिने थांबणे बरे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मूल समजते असेल तर त्यालाही विचारावे.

हे मात्र करू नका

आम्हाला खरी भीती दाण्यांची नाही, उतावीळ इलाजांची वाटते. दाणे बहुधा डाग न ठेवता जातात. भाजलेल्या कातडीचा डाग जन्मभर राहतो.

बिब्बा लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते आणि आजूबाजूला फोड येतात. रुईचा चीक लावू नये. तो मुलाच्या हातावरून डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला इजा होते. पानाचा चुना आणि धुण्याचा सोडा मिसळून लावण्याची पद्धत काही घरांत आहे. तीही कातडी जाळते. सुईने टोचणे, नखाने पिळणे किंवा वजरीने घासणे यामुळे आतला विषाणू बाजूच्या कातडीवर पसरतो आणि एकाचे दहा होतात. बादलीत जंतुनाशक द्रव ओतून रोज आंघोळ घातल्याने विषाणू जात नाही. कातडी मात्र कोरडी पडते आणि खाज वाढते.

दुकानदाराने दिलेल्या मलमाबाबत विशेष सावध राहावे. 'सगळ्यांवर चालते' म्हणून खपणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. ते लावल्यावर दोन दिवस खाज थांबते, पण कातडीची स्वतःची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. दाण्यांभोवती इसब उठला तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी देऊ शकतात. ती गोष्ट वेगळी. आपल्या मनाने लावणे वेगळे.

एका खोलीतल्या घरात

हा आजार कातडीला कातडी लागून, एकच टॉवेल वापरून आणि खाजवलेल्या नखांमधून पसरतो. पुस्तकात लिहिलेले असते, 'मुलाला वेगळे ठेवा'. आपल्यापैकी किती घरांत वेगळी खोली आहे? एका खोलीत सहा जण झोपणाऱ्या कुटुंबाने काय करावे, याचा विचार करून आम्ही या चार-पाच गोष्टी सुचवतो. त्यांना खर्च फारसा नाही.

त्या मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा आणि त्याला वेगळ्या रंगाची दोरी शिवावी, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. टॉवेल, बनियन धुऊन कडक उन्हात वाळवावे. भावंडांना एकाच वेळी एका टबात आंघोळ घालू नये. रात्री पातळ सुती पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. मग भावंडे शेजारी झोपली तरी कातडीला कातडी लागत नाही. शुक्रवारी नखे कापण्याची सवय आपल्या घरांत आहेच. या दिवसांत ती अजिबात चुकवू नये. आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावे. मऊ कातडीला खाज कमी सुटते, खाज कमी तर पसरणे कमी.

आणि दाणे रोज मोजू नयेत. रोज सदरा वर करून पाहणाऱ्या घरात मुलाला आपले शरीर म्हणजे एक तक्रार वाटू लागते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी पाहावे, वहीत आकडा लिहावा आणि वही मिटावी.

पाकी, वुजू आणि मकतब

येथे एक गैरसमज दूर करणे फार गरजेचे आहे. आजारी असणे आणि नापाक असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अंगावर दाणे असलेले मूल नापाक नसते. त्याच्या स्पर्शाने कुरआन शरीफचे पान, जानमाज किंवा मशिदीची चटई नापाक होत नाही. 'तू मागे बस, सिपाऱ्याला हात लावू नकोस' असे एखाद्या मुलाला सांगणे हे धर्माच्या नावाने केलेले अज्ञान आहे.

वुजूने दाणे वाढत नाहीत. मूल वुजू करू शकते. फक्त तोंड-हात पुसायला मशिदीतला सामाईक टॉवेल न वापरता खिशात स्वतःचा रुमाल ठेवावा. दाणा फुटून रक्त वाहिले तर काय? हनफी मसलकात वाहत्या रक्ताने वुजू तुटतो, शाफई मसलकात तुटत नाही. कोकणातील घरे बहुधा शाफई आहेत आणि घाटावरची बहुतेक हनफी. म्हणून एका आत्याचे ऐकून दुसऱ्या घरात वाद घालू नये. आपल्या इमामसाहेबांना विचारावे. पट्टी बांधलेली असेल तर तिच्यावर मसह करण्याची सवलत आहे, तीही त्यांच्याकडून समजून घ्यावी. नमाजची सवय लागण्याच्या वयात मूल दाण्यांच्या लाजेने मशिदीपासून दूर जाऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे.

'आजार अल्लाहच्या हुकमाने येतो, मग टॉवेल वेगळा कशाला?' असेही विचारले जाते. याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या प्रवासाला निघाले असताना तेथे ताऊन पसरल्याची बातमी आली. सल्लामसलत करून ते लोकांसह परत फिरले. हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नाही, एका तकदीरीतून दुसऱ्या तकदीरीकडे जाणे आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही प्रेषित (स.) यांची शिकवणही आपण जाणतो. वेगळा टॉवेल म्हणजे तोच बांधलेला उंट. आईने रात्री डोक्यावर हात ठेवून दुआ पढावी, दम करावा. त्याने मुलाला धीर येतो. मात्र दुआ डॉक्टरांच्या जागी नसावी, सोबत असावी.

शाळेत काय व्हावे

या आजारासाठी मुलाला घरी बसवण्याची गरज नाही. दाणे कपड्याने किंवा पट्टीने झाकले की मूल वर्गात बसू शकते, खेळू शकते. कबड्डी, कुस्ती अशा अंगाला अंग लागणाऱ्या खेळांत उघडे दाणे झाकावेत; पोहताना पाण्यात न सुटणारी पट्टी लावावी आणि टॉवेल कोणाला देऊ नये. आजार दीड वर्ष टिकू शकतो. दीड वर्ष घरी बसलेले मूल शिक्षणातून किती मागे पडेल, याचा हिशेब आम्हा शिक्षकांना चांगला माहीत आहे.

तिसरीच्या वर्गातील एक मुलगी भर मार्चमध्ये स्वेटर घालून बसायची. विचारले तर 'थंडी वाजते' म्हणायची. तिच्या हातावर पंधरा-वीस दाणे होते आणि डबा खाताना मुली तिच्यापासून सरकून बसत होत्या. एका मुलीच्या अम्मीने 'माझ्या लेकीची जागा बदला' अशी चिठ्ठी पाठवली होती. आम्ही त्या अम्मीला बोलावून आजार समजावला. त्या बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. मग परिसर अभ्यासाच्या तासाला कोणाचेही नाव न घेता विषाणू, कातडी आणि टॉवेल यांवर धडा घेतला. मुलांनी शंका विचारल्या, हसली, आणि विषय साधा झाला. चौथ्या दिवशी त्या मुलीने स्वेटर काढून दप्तरात ठेवला. दाणे त्यानंतरही सात-आठ महिने होते.

मुलाला 'दाणेवाला', 'खुजलीवाला' अशी नावे पडतात आणि ती दाणे गेल्यावरही चिकटून राहतात. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई केली आहे. मकतबमध्ये ही आयत पाठ करून घेताना तिचा अर्थ शेजारी बसलेल्या मुलाला लावून दाखवावा. शिक्षणहक्क कायदा २००९ नेही मुलाच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. तेव्हा कोणत्याही शिक्षकाने अशा मुलाला वेगळे बसवून सर्वांसमोर लाज आणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी न ठेवता पथकाला दाणे दाखवावेत.

पालकांनीही वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावे: आजाराचे नाव, डॉक्टर काय म्हणाले आणि मुलाला कशाची लाज वाटते. मुलाला एक छोटे उत्तर शिकवून ठेवावे: "हे मोलस्कम आहे. दुखत नाही. काही महिन्यांनी जाईल." नाव माहीत असलेले मूल मान खाली घालत नाही.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा?

पापणीवर किंवा डोळ्याच्या कडेला दाणा असेल आणि डोळा लाल होत असेल. दाणे फार मोठे किंवा फार संख्येने पसरत असतील. मुलाला प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल किंवा तशी औषधे चालू असतील. आधीपासून इसब असून खाज आवरत नसेल, तर थांबू नये.

लाजेमुळे लपवली जाणारी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलांच्या जांघेत किंवा गुप्तांगाजवळही हे दाणे येतात. बहुतेक वेळा मुलाने अंगावर दुसरीकडे खाजवून तेथे हात नेल्याने ते पसरलेले असतात. म्हणून मुलाला किंवा घरातल्या कोणाला दोष देऊ नये. पण लाजेखातर दडवूही नये. डॉक्टरांना दाखवावे. मूल कोणाला घाबरत असेल किंवा काही सांगू पाहत असेल तर शांतपणे ऐकावे आणि तेही डॉक्टरांना सांगावे.

हा आजार घराकडून पैशापेक्षा सब्र अधिक मागतो. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. नखे कापणे, टॉवेल उन्हात टाकणे, रोज तेल लावणे, दुकानदाराचे मलम परत करणे, सासूबाईंना अदबीने 'बिब्बा नको' म्हणणे, आणि कोणी मुलासमोर 'अरेरे' म्हटले की विषय बदलणे. हे सगळे सब्रच आहे. एक दिवस वहीतला आकडा शून्य होईल, इन्शाअल्लाह. त्या दिवशी मुलाच्या अंगावर भाजल्याचा डाग नसावा आणि मनावर टोमण्याचा ओरखडा नसावा, एवढे आपल्या हातात आहे. अल्लाह सर्व लेकरांना शिफा देवो. आमीन.